बचावाचा व्यूह आणि त्याचा शिक्षक



या व्याख्यानमालेत वेदान्तापासून विमाधंद्यापर्यंत सर्व विषय येऊन गेलेले असल्यामुळे आम्ही जेव्हा ‘अमेरिकेतील महाविद्यालयीन फुटबॉल’ असा विषय कळविला, तेव्हा चालकांपैकी एकाने मोठ्या सौजन्याने विचारले, “म्हणजे आपला पायाने खेळायचा तोच ना?” तो नव्हे. हा हाताने खेळायचा, अंगावर अंग घालून खेळायचा, आणि नावापुरता पायाचा असा खेळ आहे. आम्ही स्वतः तो कधी खेळलेलो नाही, आणि या वयात खेळण्याचा बेतही नाही. परंतु त्यातील एका प्रश्नाने आम्हांस बरीच वर्षे पछाडले आहे. नवा मुख्य प्रशिक्षक आला, म्हणजे संघाने बचावाचा कोणता व्यूह घ्यावा? जो त्या प्रशिक्षकाच्या मनात आहे तो, की जो गड्यांच्या अंगवळणी पडला आहे तो? मिशिगन विद्यापीठात २००८ ते २०११ या चार वर्षांत या प्रश्नाची उत्तरे दोन वेळा, आणि दोन अगदी भिन्न प्रकारांनी दिली गेली. तीच हकीकत आज सांगावयाची आहे.

प्रथम खेळाविषयी थोडेसे. त्यावाचून पुढले काहीच उमगणार नाही. मैदान शंभर यार्डांचे. दोन्हीकडे अकरा-अकरा गडी. ज्याच्या हाती चेंडू त्याला चार प्रयत्न मिळतात. तेवढ्यांत तो दहा यार्ड पुढे सरकला, की पुन्हा चार नवे प्रयत्न. असे सरकत सरकत पलीकडची रेषा ओलांडली म्हणजे सहा गुण, आणि मागून एक लाथ खांबांमधून नीट गेली तर सातवा. रेषा ओलांडणे जमत नसेल तर दुरूनच खांबांमधून चेंडू उडवून तीन गुणांवर समाधान मानावयाचे. आक्रमणाचे अकरा वेगळे आणि बचावाचे अकरा वेगळे. एका संघात जणू दोन पलटणी नांदतात, आणि दोहोंचे शिक्षकही निरनिराळे असतात. मुख्य प्रशिक्षक हा सेनापती. त्याच्या हाताखाली आक्रमणाचा एक आणि बचावाचा एक असे दोन सरदार.

आता बचावाचे अकरा गडी उभे कसे करावयाचे? आपल्या कबड्डीत सात गड्यांची मांडणी असतेच: कोपऱ्यांत कोण, मध्यरक्षक कोण, साखळी कोणी कोणाशी धरावयाची, आणि चढाई करणारा आत शिरला म्हणजे पहिला हात कोणाचा. तद्वत् येथेही तीन फळ्या असतात. समोरच्या धिप्पाड गड्यांच्या छातीला छाती लावणारी आघाडीची फळी, तिच्यामागे मधली, आणि चेंडू दूर फेकला गेला तर तो अडविणारी पिछाडी. ‘चार-तीन’ म्हणजे आघाडीला चार, मध्ये तीन. उरलेले चार पिछाडीला, त्यांचा आकडा बोलण्यात येत नाही. ‘तीन-तीन-पाच’ म्हणजे आघाडीचा एक भक्कम गडी काढून त्याच्या जागी पिछाडीला एक चपळ गडी वाढविणे.

हा दुसरा प्रकार कागदावर फार मोहक दिसतो. गेल्या काही दशकांत आक्रमण करणारे संघ आपले गडी मैदानाच्या रुंदीभर पसरू लागले. पसरलेल्याला पकडावयास जड माणूस उपयोगी नाही, धावणारा हवा. शिवाय आघाडीला तीनच असल्यामुळे चौथा कोण चालून येणार, मधल्यांपैकी की मागच्यांपैकी, हे शत्रूला आधी उमगत नाही. परंतु याची किंमत आहे, आणि ती मोठी आहे. समोर पाच धिप्पाड गडी उभे असतात. त्यांना आपले तीन थोपविणार. मधोमध उभ्या असलेल्या बिचाऱ्यावर बहुधा दोघे तुटून पडतात, आणि त्याने पडता कामा नये. तो मागे रेटला गेला की मधली फळी उघडी पडते. मग मधल्या तिघांना कोणती फट कोणाची, हे निमिषार्धात कळावे लागते. एक जण चुकीच्या फटीत शिरला की समोरचा चाळीस यार्ड मोकळा. म्हणून या व्यूहात शिक्षणाचा भाग फार. आईच्या पोटात अर्धाच व्यूह ऐकलेल्या अभिमन्यूची गोष्ट येथे आठवल्याशिवाय राहत नाही.

असो. मिशिगनकडे वळू. ॲन आर्बर हे विद्यापीठाचे गाव. तेथील क्रीडांगणात लाखाहून अधिक प्रेक्षक बसतात. २००७ च्या मोसमाअखेर तेथील जुने प्रशिक्षक लॉइड कार निवृत्त झाले, आणि त्यांच्या जागी वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठातून रिच रॉड्रिगेझ आले. रॉड्रिगेझ हे आक्रमणाचे मोठे जाणकार. गडी पसरावयाचे, भराभर डाव टाकावयाचे आणि चेंडू हाती घेतलेल्या तरुणालाच धावावयास लावायचे, या पद्धतीचे ते अग्रणी होते. बचाव मात्र त्यांनी स्वतः रचलेला नव्हता. वेस्ट व्हर्जिनियातील त्यांचा बचाव म्हणजे जेफ कॅस्टील या गृहस्थांचे काम, आणि कॅस्टील तीन-तीन-पाच शिकवीत. रॉड्रिगेझ मिशिगनला आले; कॅस्टील मात्र तेथल्या नव्या मुख्य प्रशिक्षकाच्या हाताखाली मागेच राहिले.

श्रोत्यांनी एवढी एकच गोष्ट लक्षात ठेवावी. घर बदलताना भांडीकुंडी सगळी गाडीत चढविली, आणि स्वयंपाक करणारे माणूस तेवढे जुन्या घरी राहिले.

पहिल्या वर्षी, २००८ साली, बचावासाठी स्कॉट शेफर यांस आणले. ते चार-तीनवाले. संघ हरत चालला तसतशी सेनापतीची चुळबुळ वाढू लागली, आणि नोव्हेंबरच्या पहिल्या दिवशी पर्ड्यू विद्यापीठाविरुद्ध एकदम तीन-तीन-पाच उभा केलेला दिसला. ज्यांनी मोसमभर दुसरेच काही घोटले होते, त्यांनी तो एका आठवड्यात शिकून खेळावयाचा. मिशिगनने त्या दिवशी ४२ गुण मिळविले, आणि तरीही सामना गमावला. पर्ड्यूचे गुण ४८. मोसमाअखेर हिशोब निघाला तो तीन विजय आणि नऊ पराभव. १९६७ नंतर हारजितीत हार प्रथमच वरचढ ठरली, आणि १९७५ पासून सलग ३३ वर्षे मोसमाअखेरच्या मानाच्या सामन्याचे जे आमंत्रण येत असे, ते खंडित झाले. शेफर यांनी पद सोडले. हेच शेफर पुढे सिराक्यूस विद्यापीठाचे मुख्य प्रशिक्षक झाले, तेव्हा त्यांच्या अंगी विद्या नव्हती असे म्हणण्याची सोय नाही.

त्यांच्या जागी आले ग्रेग रॉबिन्सन, आणि योगायोग असा, की ते त्याच सिराक्यूसचे माजी मुख्य प्रशिक्षक. तेथे त्यांना अपयश आले होते. परंतु त्याआधी व्यावसायिक खेळात डेन्व्हरच्या ज्या संघाने लागोपाठ दोन अजिंक्यपदे मिळविली, त्याचा बचाव रॉबिन्सन यांच्याच हाती होता. तेही चार-तीनमध्येच मुरलेले. २००९ कसेबसे गेले: पाच विजय, सात पराभव. आणि २०१० मध्ये ठरले, की आता तीन-तीन-पाचच.

यातील विपरीतता पाहावी. ज्याने शिकवावयाचे तो दुसऱ्या शाळेचा. त्यातून व्यूह निवडला तो पिछाडीला पाच गडी लागणारा, आणि निवडला तो नेमका अशा वर्षी, की जेव्हा पिछाडीलाच माणसे नव्हती. एक चांगला गडी आदल्या मोसमानंतर व्यावसायिक खेळासाठी निघून गेला होता, आणखी एकाला संघातून काढले होते, आणि ट्रॉय वूलफोक हा अनुभवी गडी ऑगस्टमधल्या सरावातच घोटा मोडून मोसमभर बसला. मग पहिल्या-दुसऱ्या वर्षाची मुले उभी केली. त्यांतला एक तर आधी चेंडू झेलणारा आक्रमक गडी होता, त्याला उलट दिशेला तोंड करून उभे केले. क्रेग रो हा अंगाने आणि वृत्तीने आघाडीचा गडी. त्याला मधल्या फळीत मागे पळत जाऊन झेल अडवावयास लावले.

त्या वर्षीचे आक्रमण मात्र डोळ्यांचे पारणे फेडणारे होते. डेनार्ड रॉबिन्सन या तरुणाने एका मोसमात धावून १,७०२ यार्ड कापले. फेक करणाऱ्याच्या जागेवरून एवढे तोवर कोणी धावले नव्हते. आणि तरीही! ६ नोव्हेंबर २०१० रोजी इलिनॉयविरुद्धचा सामना तीन वेळा वाढवावा लागला आणि शेवटी मिशिगनने तो ६७–६५ असा जिंकला. ६५ गुण देऊन जिंकणे, याला विजय म्हणावे की काय म्हणावे, हे आम्हांस अजून ठरविता आलेले नाही. त्या मोसमात मिशिगनने सामन्यामागे सरासरी ३५.२ गुण दिले. १ जानेवारी २०११ ला मिसिसिपी स्टेटने ५२–१४ असा धुव्वा उडविला, आणि त्याच आठवड्यात रॉड्रिगेझ यांस निरोप मिळाला.

आता आमचा मुद्दा. त्याच २०१० साली, तोच तीन-तीन-पाच, वेस्ट व्हर्जिनियात कॅस्टील स्वतः शिकवीत होते. तेथे सामन्यामागे दिलेले गुण साडेतेराच्या आसपास. प्रतिस्पर्धी निराळे होते, तेथील स्पर्धा थोडी सौम्य होती, हे आम्ही मान्य करतो. परंतु पस्तीस आणि साडेतेरा यांतले अंतर केवळ प्रतिस्पर्ध्यांनी भरून निघत नाही. आकृती तीच होती. फरक होता तो हा, की एके ठिकाणी ‘समोरच्याने डावा पाय असा टाकला तर तू काय करायचेस’ या मुलाच्या प्रश्नाला उत्तर देणारा माणूस मैदानावर उभा होता, आणि दुसरीकडे ते उत्तर दूर वेस्ट व्हर्जिनियात राहिले होते. व्यूह हा कागदावर नसतो. तो शिकविणाऱ्याच्या जिभेवर असतो. मुख्य प्रशिक्षकाला आवडलेला व्यूह हुकुमाने आणता येतो, त्याची जीभ आणता येत नाही.

जानेवारी २०११ मध्ये नवे मुख्य प्रशिक्षक आले ते ब्रेडी होक. यांची गोष्ट आम्हांस अधिक उद्बोधक वाटते, आणि ती फारशी कोणी बोलून दाखवीत नाही. होक आले सॅन डिएगो स्टेट विद्यापीठातून. तेथे त्यांचे बचावाचे सरदार होते रॉकी लाँग, आणि लाँग म्हणजे तीन-तीन-पाचचे देशातील नामांकित आचार्य. होक यांच्या डोळ्यांसमोर तोच व्यूह यशस्वी होत होता. २०१० साली त्या संघाने नऊ सामने जिंकले. म्हणजे रॉड्रिगेझ यांच्यासारखाच मोह होक यांनाही पडू शकला असता: ‘माझ्याकडे हे चालत होते, तेव्हा येथेही हेच.’ लाँग तर होक यांच्या जागी तेथेच मुख्य प्रशिक्षक झाले, तेव्हा ते येण्याचा प्रश्नच उरला नाही. आणि होक यांनी व्यूहही तेथेच ठेवला.

त्यांनी आधी माणूस शोधला. ग्रेग मॅटिसन हे तेव्हा व्यावसायिक खेळात बाल्टिमोरच्या बचावाचे प्रमुख होते, वयाची साठी ओलांडलेले. १९९० नंतरच्या दशकात ते मिशिगनमध्येच बचाव शिकवीत असत, आणि तेव्हा होक त्यांच्या हाताखाली आघाडीच्या फळीला तालीम देत. मॅटिसन परत आले, आणि त्यांच्याबरोबर चार-तीन आपोआप आला. होक यांची एक लकब अशी, की सामन्याच्या वेळी इतर मुख्य प्रशिक्षक कानाला यंत्र लावून वरच्या सज्जातल्या साहाय्यकांशी बोलत असतात, तसे ते करीत नसत; मोकळ्या कानांनी उभे राहत. त्याबद्दल त्यांची थट्टा पुष्कळ झाली. परंतु ज्याने आपल्या सरदारावर काम सोपविले आहे, त्याने दर मिनिटाला त्याच्या कानात बोलण्याचे कारण काय?

मुले बहुतेक तीच होती. क्रेग रो पुन्हा आघाडीच्या टोकाला गेला. माइक मार्टिन हा मधला आधारस्तंभ, त्याच्या एका बाजूस रायन व्हॅन बर्गन. पिछाडीला जॉर्डन कोव्हॅक्स. हा मुलगा शिष्यवृत्तीवाचून, स्वतःच्या हौसेने संघात आलेला, आणि २००९ पासून खेळत असलेला. वूलफोकचा घोटा बरा झाला होता. याच मंडळींनी २०११ मध्ये सामन्यामागे फक्त १७.४ गुण दिले. म्हणजे एका वर्षात निम्मे. ज्या इलिनॉयने ६५ गुण केले होते, त्यांना या वर्षी १४ वर थांबविले. अकरा विजय, दोन पराभव.

आमचे एक स्नेही, ज्यांचा या खेळाचा व्यासंग आमच्याहून अधिक आहे, ते या जागी हात वर करतात. त्यांचे म्हणणे असे, की २०११ साली नशीबही फार अनुकूल होते. शत्रूच्या हातून निसटून जमिनीवर पडलेला चेंडू बरेचदा मिशिगनच्याच हाती लागला. दुसरे, २०१० ची कोवळी मुले एक वर्षाने मोठी झाली होती. कोणत्याही व्यूहात ती सुधारलीच असती. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. त्यात तिसरी आम्हीच घालतो: होक यांचा संघ पुढे दरवर्षी खालीखाली गेला, आणि २०१४ च्या अखेरीस त्यांनाही जावे लागले. तेव्हा चार-तीन हा मंत्र आणि तीन-तीन-पाच हा शाप, असे कोणी येथून शिकून जाऊ नये.

उलट, त्याच मिशिगनमध्ये पुढे काय झाले ते पाहा. २०१७ साली मुख्य प्रशिक्षक होते जिम हार्बो आणि बचावाचे प्रमुख डॉन ब्राउन. आदल्या वर्षीच्या बचावाच्या अकरा गड्यांपैकी दहा निघून गेले होते. म्हणजे अननुभवाचे कारण पुढे करावयाचे तर २०१० इतकेच येथेही होते. त्या वर्षी ब्राउन यांनी कोणता व्यूह मुख्य म्हणून घ्यावा? तीन-तीन-पाच! आणि शत्रूला किती यार्ड दिले या हिशोबात तो बचाव देशात अगदी वरच्या काही जागांत आला. मुले गुणी होती, पण सबंध जुनी नव्हती. निवडणारा आणि शिकविणारा मात्र एकच माणूस होता.

आणि रॉड्रिगेझ? त्यांनाही हे उमगले असावे. ते २०११ च्या अखेरीस ॲरिझोना विद्यापीठाचे मुख्य प्रशिक्षक झाले, तेव्हा या खेपेस कॅस्टील त्यांच्याबरोबर आले. २०१४ साली त्या संघाने दहा सामने जिंकले. पुढे बचाव ढासळला आणि २०१५ नंतर कॅस्टील यांनाही रजा मिळाली. शिक्षक बरोबर असला म्हणजे सर्व काही मिळते असे नाही. परंतु तो नसताना काय होते, ते आपण पाहिलेच.

आता या सगळ्यांत ज्यांचे कोणी विचारीत नाही त्यांच्याविषयी बोलून आम्ही आटोपते घेतो. प्रशिक्षकांना वर्षाला लक्षावधी डॉलर मिळत होते, रजा मिळाली तरी दुसरीकडे जागा मिळत होती. विद्यार्थ्याला मात्र खेळावयास चारच मोसम मिळत. तेव्हाच्या नियमाप्रमाणे एखादा मुलगा कंटाळून दुसऱ्या विद्यापीठात गेला, तर बहुधा एक वर्ष नुसते बसावे लागे. २०२१ पासून तो नियम सैल झाला आणि मुले सहज संघ बदलू लागली. त्यामुळे आताचे नवे प्रशिक्षक व्यूहाबरोबर गडीही गाडीत भरून आणतात. ते बरे की वाईट, हा निराळ्या व्याख्यानाचा विषय आहे.

रायन व्हॅन बर्गन २००७ साली मिशिगनमध्ये आला तेव्हा बचावाचे प्रमुख एक होते, २००८ मध्ये दुसरे, २००९ व २०१० मध्ये तिसरे, २०११ मध्ये चौथे. पाच वर्षांत चार शिक्षक. हाताचा पहिला तडाखा कोठे द्यावा, पाऊल आधी कोणते टाकावे, हे त्याला दर खेपेस नव्याने शिकावे लागले. ३ जानेवारी २०१२ रोजी न्यू ऑर्लिन्स येथे त्याचा विद्यापीठासाठीचा शेवटचा सामना झाला, व्हर्जिनिया टेकविरुद्ध. त्या रात्री प्रतिस्पर्ध्यांनी ३७७ यार्ड कापले, मिशिगनच्या आक्रमणाने अवघे १८४. आक्रमण जवळजवळ झोपलेच होते. पण व्हर्जिनिया टेकला पलीकडची रेषा एकदाच ओलांडता आली; चार वेळा जवळ येऊन त्यांना लाथेच्या तीन-तीन गुणांवर परतावे लागले. वाढीव वेळेत मिशिगनने सामना २३–२० असा जिंकला.

अध्यक्षमहाराज घड्याळाकडे पाहत आहेत. कबड्डीच्या आखाड्यातली काही मंडळी मागे उभी दिसतात. त्यांना काही विचारावयाचे असल्यास त्यांनी पुढे यावे.